फेरीच्या जोडीला बळ आणि तोल

बडोद्यात साठी ओलांडलेल्या मराठी माणसाला व्यायामाबद्दल विचारले, तर रोज कमाटीबागेत फेऱ्या मारतो, असे उत्तर बहुधा मिळते. चालणे उत्तमच आहे. परंतु नुसत्या चालण्याने खुर्चीतून हात न टेकता उठण्याचे बळ पुरेसे राखले जात नाही, आणि पाय अडखळल्यावर स्वतःला सावरण्याची तयारीही फारशी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान २ दिवस स्नायूंचे बळ वाढवणारा व्यायाम आणि किमान ३ दिवस तोल व बळ यांवर भर देणारा व्यायाम सुचवला. यांतले शेवटचे दोन भाग आपल्याकडे हमखास राहून जातात, म्हणून त्यांविषयी अधिक सांगतो.

हृदयविकार, मधुमेह, सांध्याची शस्त्रक्रिया किंवा पूर्वी पडल्याचा अनुभव असेल, तर सुरुवातीपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालण्याचा वेग असा असावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन चढण्यापूर्वीच घरी परतावे.

बळासाठी भिंतीला टेकवलेली, न घसरणारी खुर्ची पुरते. पाय जमिनीवर घट्ट रोवून, किंचित पुढे झुकून सावकाश उभे राहावे आणि त्याहूनही सावकाश बसावे. धपकन बसल्यास निम्मा लाभ जातो. आरंभी ५ ते ८ वेळा करावे, जमल्यावर मध्ये विश्रांती घेऊन दुसरी फेरी वाढवावी. उठताना श्वास सोडावा, रोखू नये, कारण श्वास रोखल्याने रक्तदाब एकदम वाढू शकतो. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या गावाला बैठकांची ओळख नव्याने करून द्यायला नको. मात्र तरुणपणी काढलेल्या बैठका सत्तरीत त्याच जोमाने काढण्याचा आग्रह धरू नये. हातांसाठी भिंतीवर तळवे टेकवून जोर काढावेत, पोटऱ्यांसाठी टाचा उचलाव्यात. एकाच स्नायूंचा असा व्यायाम लागोपाठच्या दोन दिवशी करू नये.

तोलाचा सराव स्वयंपाकघरातील ओट्याजवळ करणे मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण आधार हाताशी असतो. ओटा धरून एका पायावर १० सेकंद उभे राहावे, मग पाय बदलावा. सवय झाल्यावर ओट्याला फक्त हाताची बोटे टेकवावीत. पावलापुढे पाऊल, टाचेला बोटे भिडवून, ओट्याच्या लांबीभर चालावे. फरशी ओली नसावी, पायात सैल सपाता नसाव्यात आणि सुरुवातीला घरातले कोणीतरी जवळ असावे.

सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी २० मिनिटे बळ व तोल, आणि ५ दिवस अर्धा तास चालणे, एवढी आखणी पुरेशी आहे. अर्धा तास एकदम जमत नसेल, तर सकाळ-संध्याकाळ विभागावा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी चालू असेल, तर खिशात साखर ठेवावी. छातीत दाब, चक्कर किंवा एरवी न लागणारी धाप जाणवल्यास तत्काळ थांबावे आणि त्रास न ओसरल्यास लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. स्नायू एखादा दिवस दुखणे स्वाभाविक आहे. सांधा सुजला, तर तो व्यायाम थांबवावा. आजारपणाने खंड पडल्यास पूर्वीच्या निम्म्या संख्येपासून पुन्हा सुरुवात करावी.