दूरशिक्षणाची पदवी घेताय? प्रवेशाआधी हा हिशेब मांडा

मी पगारपत्रकं बनवते. कोणी कुठली पदवी घेतली, त्यानंतर त्याच्या पगारात काय हललं आणि काय जागच्या जागी राहिलं, ते दर महिन्याला माझ्या नजरेखालून जातं. मीही नोकरी सांभाळूनच दूरशिक्षणाने वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. त्यामुळे पुढे शिकायचं मनात आलं की सहकारी फीचं माहितीपत्रक घेऊन माझ्या टेबलाशी येतात.

बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, हप्ता बसतोय. घेऊन टाकू का प्रवेश?"

हप्ता काय, मुदत वाढवली की कुणालाही बसतो. मी उलट तीन गोष्टी विचारते. पदवीचा कागद हातात पडेपर्यंत एकूण किती पैसे जाणार? किती काळ लागणार? आणि त्या कागदाने पगारात नेमकी किती भर पडणार? पहिल्याचं उत्तर लोक अर्धवट शोधून आलेले असतात, तिसऱ्याचं मनात धरून आलेले असतात. दुसऱ्याचा विचारच झालेला नसतो, आणि खिशाला चाट बसते ती तिथेच.

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करा. आपल्या आस्थापनेचे पदोन्नतीचे नियम काढून वाचा. वरच्या पदासाठी ती पदवी आवश्यक अर्हता आहे की नुसती इष्ट? पदवी मिळाली म्हणून वेगळी वेतनवाढ आहे का? अनेक ठिकाणी ती नसते. मग पदवी असूनही जागा रिकामी होईपर्यंत वाट पाहावी लागते. हा प्रश्न मनुष्यबळ विभागाला तोंडी विचारू नका, ईमेल करा. तोंडी उत्तर देणाऱ्याची बदली होते, ईमेल राहतो. त्याच ईमेलमध्ये दोन गोष्टी आणखी विचारून घ्या: प्रवेशाआधी लेखी परवानगी लागते का, आणि दूरशिक्षणातली पदवी चालते का. परवानगी न घेता मिळवलेली पदवी सेवापुस्तकात नोंदवून घेताना काय त्रास होतो, ते मी पाहिलेलं आहे.

मान्यता मात्र स्वतः तपासायची, विद्यापीठाच्या जाहिरातीवरून कधीही नाही. आपल्या देशातल्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर जा आणि तीन गोष्टी जुळवून बघा: विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि ज्या वर्षी प्रवेश घेणार ते वर्ष. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे पण तोच अभ्यासक्रम दूरशिक्षणातून चालवायची मंजुरी नाही, असं घडू शकतं. तसं असेल तर पुढचा सगळा हिशेब आतबट्ट्याचा.

आता पैशांची बेरीज

रुपया-डॉलर बाजूला ठेवू, कारण फी जागोजागी वेगळी. समजा, पहिल्या विद्यापीठाच्या पत्रकावर संपूर्ण अभ्यासक्रमाची फी १०० आहे आणि दुसऱ्याच्या पत्रकावर १२५. साहजिकच सगळे पहिल्याकडे वळतात. आता पहिल्याचं पत्रक मागच्या पानापर्यंत वाचू. परीक्षा फी प्रत्येक विषयाला १, आणि विषय २४. म्हणजे २४ वाढले. नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र यांचे मिळून ६. संपर्कवर्ग आणि प्रात्यक्षिकं प्रत्यक्ष हजर राहून करायची आहेत, त्याचा प्रवास आणि मुक्काम १०. झाले १४०. दुसऱ्याकडे परीक्षा फी आणि पुस्तकं १२५ मध्येच आहेत, बाकी किरकोळ ५, आणि कुठे जायची गरज नाही. एकूण १३०. पत्रकावर २५ ने महाग दिसणारं प्रत्यक्षात १० ने स्वस्त.

ही आकडेमोड मी उदाहरणासाठी रचलेली आहे, पण रकाने खरे आहेत. विद्यापीठाच्या कार्यालयाला विचारताना "फी किती?" एवढंच विचारलं तर उत्तरही तेवढंच मिळतं. विचारायचं असं: "आज प्रवेश घेतला आणि एकाही विषयात नापास न होता वेळेत पूर्ण केलं, तर प्रमाणपत्र घरी येईपर्यंत एकूण किती भरावे लागतील?" पाठोपाठ दुसरा प्रश्न: "आणि एक वर्ष उशीर झाला तर?" तिसरा: "प्रवेशाच्या वेळची फी शेवटपर्यंत तीच राहते, की दरवर्षी नव्या दराने घेता?" या तिसऱ्या प्रश्नावर फोनवरचा माणूस जरा थांबतो, असा माझा अनुभव आहे. उत्तर लेखी मागा.

मोफत म्हटलेल्या ठिकाणीही हेच प्रश्न विचारायचे. २००९ साली सुरू झालेलं 'युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल' शिकवण्याची फी घेत नाही, पण अर्जाची आणि प्रत्येक विषयाच्या मूल्यमापनाची फी असते. ते हे उघडपणे सांगतात, त्यात लपवाछपवी नाही. आपणच 'मोफत' एवढंच वाचून पुढे जातो.

वेळेचा रकाना

दूरशिक्षण ही नवी गोष्ट नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच बाहेरून परीक्षा देऊन पदवी मिळवायची सोय केली. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची स्थापना १९६९ ची, इग्नूची १९८५ ची. तेव्हापासून या संस्था नोकरदारांना शिकवत आल्या आहेत, आणि किती तास लागतील ते कधी लपवतही नाहीत. ते श्रेयांकात लिहिलेलं असतं, म्हणजे आपण ज्याला क्रेडिट म्हणतो त्यात. फक्त कुठला श्रेयांक किती तासांचा, ते माहीत हवं.

इग्नूचा एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. ब्रिटनमध्ये एक श्रेयांक १० तासांचा, आणि ऑनर्स पदवीला सहसा ३६० श्रेयांक. म्हणजे ३,६०० तास. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत एक श्रेयांक २५ ते ३० तासांचा आणि पूर्णवेळ वर्ष ६० श्रेयांकांचं. त्यामुळे दोन देशांतल्या अभ्यासक्रमांची श्रेयांकामागची फी थेट ताडून पाहू नका. आधी तासांत आणा. एकाच पद्धतीतली दोन विद्यापीठं असतील तर मात्र एकूण खर्चाला श्रेयांकांनी भागलं की तुलना सोपी होते.

तास काढल्यावर ते आपल्या आठवड्यात बसवून बघा. युरोपातल्या हिशेबाने अर्ध्या वेगाने शिकायचं म्हटलं तर वर्षाला ३० श्रेयांक, म्हणजे ७५० ते ९०० तास. वर्षातले ५० आठवडे अभ्यासाचे धरले तरी आठवड्याला १५ ते १८ तास होतात. नोकरी, घर, आजारपणं, लग्नकार्यं सगळं सांभाळून हे तास कुठून येणार?

कुठून येतात ते मला दिसतं. नव्याने प्रवेश घेतलेला माणूस मला ओव्हरटाइमच्या रकान्यात सापडतो. जिथे महिन्यामागून महिना भरघोस आकडा असायचा, तिथे तो आधी निम्म्यावर येतो, मग शून्य. परीक्षेच्या महिन्यात रजा लागते, शिल्लक संपली असेल तर बिनपगारी. हा पैसा कुणाला भरावा लागत नाही, म्हणून तो खर्चात धरला जात नाही. पण तो घरात येणं बंद झालेलं असतं. ओव्हरटाइम किंवा जोडकाम करणाऱ्यांनी गेल्या वर्षभराच्या पगारपावत्या काढाव्यात, त्या रकान्याची बेरीज करावी आणि त्यातलं किती बुडेल ते प्रामाणिकपणे लिहावं. कित्येकदा हा आकडा फीच्या वर जातो. ज्यांना ओव्हरटाइम नाहीच, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यायला हरकत नाही.

वेळ वाढला की फीही वाढते. पुनर्नोंदणी, विलंब शुल्क, राहिलेल्या विषयांची पुन्हा परीक्षा फी, आणि कमाल मुदत उलटली तर पुनर्प्रवेश. काही विद्यापीठांत दर सत्राला एक ठरावीक शुल्क असतं, तुम्ही एक विषय घ्या की चार. अशा ठिकाणी एकेक विषय घेऊन रमतगमत शिकणं महाग पडतं. अमेरिकेतल्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीत तर सहा महिन्यांच्या सत्राची एकच फी असते आणि त्यात झेपतील तेवढे विषय पूर्ण करता येतात. ज्याला कामातूनच निम्मा विषय येतो त्याला हे सोन्याहून पिवळं. ज्याला आठवड्यात पाच तास मिळायची मारामार, त्याने तिकडे वळू नये. आपली चाल संथ असणार हे ठाऊक असेल तर विषयागणिक किंवा श्रेयांकागणिक फी घेणारं विद्यापीठच बरं.

बोजा कमी करायचा असेल तर

पहिली चौकशी जुन्या श्रेयांकांची. अर्धवट सोडलेली पदवी, पदविका, व्यावसायिक परीक्षा यांतले काही विषय माफ होऊ शकतात. काही विद्यापीठं कामाच्या अनुभवाचंही मूल्यमापन करतात. प्रत्येक माफ विषयामागे फी वाचते आणि शंभरेक तासही वाचतात. पण फार जुने श्रेयांक धरले जात नाहीत असंही असू शकतं, आणि माफी सहसा प्रवेशाच्या वेळीच मागावी लागते. शिवाय माफीसाठी आकारलं जाणारं शुल्क विचारून घ्या.

दुसरी चौकशी मालकाकडे. कंपनी फी देते म्हटल्यावर माणूस हुरळतो. तिथे आधी पैसे कधी मिळतात ते बघा. पास झाल्यावर परतावा मिळणार असेल तर सुरुवातीची पदरमोड आपलीच, आणि नापास झालेल्या विषयाचा भुर्दंडही आपलाच. मग करारातलं नोकरी सोडण्याचं कलम वाचा. दोन-तीन वर्षं थांबण्याची अट असेल तर मधेच सोडल्यास पूर्ण रक्कम परत करायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हा फरक मोठा आहे. प्रमाणात असेल तर सही करायला माझी ना नाही. रक्कम करपात्र ठरते का, तेही आपल्या पगार विभागाला विचारा. आम्ही सांगतो, फक्त कुणी विचारत नाही.

कर्जाबद्दल एवढंच म्हणेन की व्याजासकट येणारी एकूण परतफेड खर्चाच्या बेरजेत लिहा.

आता शेवटची भागाकाराची ओळ. वरच्या उदाहरणातला एकूण खर्च १४० धरा. पदवीनंतर हातात येणारा पगार, कर वगैरे कापून, महिन्याला ४ ने वाढणार असेल तर १४० भागिले ४ म्हणजे ३५ महिने. हे ३५ महिने वाढ सुरू झाल्यापासून मोजायचे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असेल तर प्रवेशाच्या दिवसापासून तोंडमिळवणीला सहा वर्षांच्या आसपास जातात, आणि बुडालेला ओव्हरटाइम यात अजून धरलेलाच नाही. नोकरीची वीस वर्षं बाकी असलेल्याला हे झेपतं. निवृत्ती जवळ आलेल्याने शिकायची हौस म्हणून जरूर शिकावं, पण त्यासाठी भविष्य निर्वाह निधीला हात लावू नये.

हा हिशेबाचा कागद तयार झाला की मगच अर्ज भरा, आणि भरताना संपूर्ण अभ्यासक्रमाची फी एकरकमी देण्याआधी थांबा. एकरकमीची सवलत खरी असते, पण दर सत्राला भरण्यात मधेच थांबण्याची मुभा असते. पहिल्या सत्राचे विषय सुटले की मग सवलतीचा विचार करता येतो. प्रवेश रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती परत मिळतं, ते विचारून ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका. आणि पदवी पूर्ण करणं नाहीच जमलं तर झालेल्या श्रेयांकांवर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडता येतं का, हे त्याच फोनवर विचारून घ्या.