पंखा बंद करा, मग चायकोव्हस्की लावा

नाशिकमध्ये सिंफनी, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाची अनेक भागांची मोठी रचना, ऐकायचा खरा हंगाम डिसेंबर-जानेवारी. कारण साधं आहे, तेव्हा पंखा बंद असतो. रात्री दहानंतर गंगापूर रोडची वर्दळ ओसरली की बसा.

सुरुवात रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीनं, म्हणजे 'पॅथेटिक'नं करा. चार भाग, साधारण पाऊण तास. माहलर या दुसऱ्या संगीतकाराची तिसरी सिंफनी दीड तासाहून मोठी आहे, ती नंतर. ऑक्टोबर १८९३ मध्ये चायकोव्हस्कीनं स्वतः पीटर्सबर्गला ही पहिल्यांदा सादर केली आणि नऊ दिवसांनी तो गेला. हे माहीत असू द्या, पण ऐकताना बाजूला ठेवा. नाहीतर प्रत्येक सूर मर्तिकाचा वाटू लागतो.

रेकॉर्डिंग संचालक म्राविन्स्की आणि लेनिनग्राड फिलहार्मनिक या वाद्यवृंदाचं, १९६० चं. अ‍ॅपमधलं शफल आणि आवाज आपोआप एकसारखा करणारी सोय, दोन्ही बंद करा.

सुरुवातीला खालच्या पट्टीत बासून (फुंकून वाजवायचं खर्जाचं लाकडी वाद्य) वाजतो. तो जेमतेम ऐकू येईल एवढा आवाज ठेवा आणि मग बटणाला हात लावू नका. या भागाच्या मधोमध सूर अगदी विझत जातो (स्वरलिपीत तिथे 'हळू'ची खूण सहा वेळा आहे) आणि लगेच सगळा वाद्यवृंद कोसळतो. मी पहिल्यांदा तिथेच आवाज वाढवला होता. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, "काही पडलं का हो?"

दुसऱ्या भागात मांडीवर ठेका धरा: धी ना, धी धी ना. पाच मात्रा, दोन आणि तीन. अर्धा झपतालच! वॉल्ट्झ या तीन मात्रांच्या नाचासारखं डोलतं, पण पाऊल दर वेळी चुकल्यासारखं पडतं.

तिसरा भाग एवढ्या जल्लोषात संपतो की सभागृहातले लोकही फसून टाळ्या वाजवतात. चहाला उठू नका.

चौथ्यासाठी हेडफोन हवेत. सुरुवातीची उतरती चाल कोणीच पूर्ण वाजवत नाही. एक स्वर व्हायोलिनांचा पहिला गट, पुढचा दुसरा, असे आळीपाळीनं वाजवतात आणि चाल जुळते ती आपल्या कानात. म्राविन्स्की हे दोन गट डावी-उजवीकडे समोरासमोर बसवायचा, त्यामुळे ही वाटणी जाणवते. कारायान या दुसऱ्या संचालकाकडे दोन्ही गट एकाच बाजूला बसत, तिथे ती पुसट होते. पुढे हीच चाल परत येते तेव्हा मात्र सरळ पहिल्या व्हायोलिनांकडे असते.

आठवडाभरानं हाच भाग संचालक बर्नस्टाइनच्या १९८६ च्या न्यूयॉर्कच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐका. म्राविन्स्की दहाएक मिनिटांत संपवतो, बर्नस्टाइन सतरा घेतो. एकच राग दोन घराण्यांत ऐकायची आपल्याला सवय आहे. इथे स्वर मात्र लिहिलेले, बदलायची मुभा नाही. फरक उरतो तो लयीत, वजनात आणि कोणतं वाद्य पुढे आणलं त्यात. मला सतरा मिनिटं जरा ताणलेली वाटतात, तरी शेवटची दोन पानं बर्नस्टाइनचीच ऐकतो. तिथे शेवटी चेलो आणि डबल बास ही खर्जाची तंतुवाद्यं तेवढी उरतात. ती विरताना ऐकू आली नाहीत, तर घरात कुठेतरी पंखा चालू आहे.