सिंहगडावरून आपला कचरा परत कसा आणावा

पावसाळ्यात सिंहगडावर जाताना पाठपिशवीत स्टीलचा पेला, झाकणाचा डबा आणि दोन रिकाम्या पिशव्या घ्याव्यात. चहाचा कागदी कप कुजून जाईल, या समजुतीने तो सर्रास झुडपात टाकला जातो. प्रत्यक्षात चहा झिरपू नये म्हणून त्याला आतून पॉलिथिनचा पातळ थर दिलेला असतो आणि कागद भिजून विरला तरी तो थर मातीत तसाच राहतो. म्हणून चहा सांगतानाच आपला पेला पुढे करावा. कप भरल्यावर नकार देण्यात अर्थ नाही. भजी डब्यातच घ्यावीत, मात्र वाफ धरून ती मऊ पडू नयेत यासाठी झाकण थोडे उघडे ठेवावे.

प्लास्टिकचे पेले, चमचे आणि स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा ते कोणी दिल्यास सौम्यपणे परत करावेत. मडक्यातले दही खाल्ल्यावर मडके कठड्यावरून भिरकावण्याची हौस अनेकांना असते; ते विक्रेत्याकडेच द्यावे.

कागदी कप घ्यावाच लागला, तर तो पूर्ण रिकामा करून कप एकात एक बसवावेत. तेलकट कागद दुसऱ्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधावे. कचरापेटी ओसंडत असेल, तर तिच्याशेजारी पिशवी ठेवू नये, कारण कुत्री ती फाडतात आणि वारा उरलेले काम करतो. ती घरी आणून नेहमीच्या कचऱ्यात वर्गवारी करून द्यावी.