शुगर-बीपी असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन नीट कसं तपासून घ्यायचं

आईला शुगर होऊन बारा वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी रिपोर्ट काढायचो, लघवीच्या रूटीनमध्ये अल्ब्युमिनसमोर "निल", रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) 0.9, म्हणजे नॉर्मल, त्यामुळे किडनीचं काही टेन्शन नाही असंच धरून चाललो होतो, आणि मग एका नवीन डॉक्टरांनी एसीआर, म्हणजे लघवीतलं थोडंसं अल्ब्युमिनही पकडणारी टेस्ट, लिहून दिली तर आकडा आला 140, जो 30 च्या खाली पाहिजे. तेव्हापासून ज्याच्या घरी शुगर आहे त्याला मी हे सांगतच असते, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

आधी "निल" का येतं ते बघा. किडनी दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळते, गाळणी चांगली असेल तर अल्ब्युमिन हे प्रोटीन जवळपास सगळं रक्तातच राहतं. गाळणीला बारीक इजा झाली की ते थोडं थोडं झिरपायला लागतं, पण रूटीनची पट्टी एवढं थोडं पकडतच नाही, त्यात पाणी भरपूर प्यायलेलं असेल तर लघवी पातळ होऊन अजूनच सुटतं. आणि क्रिएटिनिन वाढायची वाट बघत बसलात तर तोवर किडनीचं निम्मं काम गेलेलं असू शकतं. 1827 मध्ये लंडनचे डॉ. रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी तापवून बघायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली की किडनी बिघडलीय म्हणायचे, पण तेव्हा आजार पुष्कळ पुढे गेलेला असायचा. आपल्याला त्याच्या कितीतरी आधी पकडायचंय.

लॅबमध्ये "लघवी तपासायचीय" एवढंच सांगू नका, युरीन एसीआर म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो पाहिजे असं स्पष्ट सांगा. काही ठिकाणी नुसतं मायक्रोअल्ब्युमिन करून देतात, रेशो देत नाहीत, आणि तिथेच गडबड होते. समजा अल्ब्युमिन आलं लिटरला 20 मिलिग्रॅम, बघायला बरं वाटतं, पण लघवीतलं क्रिएटिनिन डेसिलिटरला 40 मिलिग्रॅम असेल तर लघवी पातळ आहे. 40 ला 100 ने भागलं की 0.4, आणि 20 भागिले 0.4 म्हणजे रेशो 50, जो नॉर्मल नाही! रिपोर्टवर दोन्ही आकडे असतील तर हा हिशोब घरीच करता येतो.

सॅम्पल शक्यतो सकाळी उठल्यावरच्या पहिल्या लघवीचं द्या, उपाशी राहायची गरज नाही. डबी लॅबचीच घ्या, घरातली औषधाची बाटली धुवून नेऊ नका. सुरुवातीची थोडी धार सोडून मधली धरायची, आणि लगेच पोचवता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, पाळी चालू असेल, किंवा आदल्या दिवशी सिंहगड चढून आला असाल तर तेव्हा देऊच नका, थोडे दिवस थांबा. या सगळ्यात आकडा उगाच वाढतो, शुगर किंवा बीपी खूपच चढलेलं असलं तरी वाढतो.

आता आकडा. 30 च्या खाली ठीक, 30 ते 300 म्हणजे झिरपायला सुरुवात झालीय, 300 च्या वर म्हणजे बरंच जातंय. हे सगळं एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे मिलिग्रॅममध्ये, रिपोर्टवर युनिट वेगळं असेल तर आकडेही वेगळे, तेवढं बघून घ्या. एकदा वाढलेला आला म्हणून घाबरून जायचं नाही, तीन ते सहा महिन्यांत तीनदा करायची आणि त्यातले दोन वाढलेले आले तरच पक्कं धरतात. पण एकदाच आलाय म्हणून रिपोर्ट फाइलमध्ये लावून विसरूनही जायचं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

टाइप 2 असेल तर निदान झालं त्याच वर्षी आणि मग दरवर्षी, टाइप 1 असेल तर निदानानंतर पाच वर्षांनी सुरू करून दरवर्षी. बीपीवाल्यांनीही डॉक्टरांना विचारून घ्यावी, कारण हेच अल्ब्युमिन हृदयाच्या धोक्याचीही खूण आहे. गरोदरपणात वीस आठवड्यांनंतर बीपी वाढून लघवीत प्रोटीन दिसलं तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

एनगॅल, किम-1 अशी नवी प्रोटीनंही लघवीत मोजतात, किडनीच्या नळ्यांना इजा झाली की ती वाढतात, पण त्यांचा उपयोग मुख्यतः हॉस्पिटलमध्ये आणि संशोधनात, आपण घरून जाऊन पॅकेजमध्ये घ्यायची ती टेस्ट नाही.

डॉक्टरांकडे जाताना जुने एसीआर तारखेनुसार लावून न्या, सोबत रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज), बीपीची वही, आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्यांची नावंसुद्धा, कारण त्यातल्या बऱ्याच पेनकिलर किडनीला त्रास देतात. या टप्प्यावर कामाची औषधं आहेत, बीपीच्या गोळ्यांमधला एक गट आणि शुगरच्या गोळ्यांमधला एक गट किडनीही जपतो, पण त्या मनाने सुरू करू नका, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघूनच देतात. आईच्या गोळ्या बदलल्या, गुडघ्याची पेनकिलर बंद केली, आणि नऊ महिन्यांनी एसीआर 62 आली. पुढची दिवाळीनंतर करायचीय, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.