गल्फमध्ये अडकलेला पगार परभणीत बसून कसा मागायचा

परभणीत माझं टायपिंगचं दुकान आहे. गल्फहून परतलेली पोरं थकलेल्या पगाराचा अर्ज लिहून घ्यायला येतात. मी आधी काम सुटल्याची तारीख विचारतो. सौदी, कतार, कुवेतमध्ये दाव्याला तिथून एकच वर्ष मिळतं. अमिरातीत 2024च्या दुरुस्तीनंतर दोन. ‘सोयाबीन निघालं की बघू’ म्हणू नका रे. घामाचा पैसा असा गेला की जीव तुटतो.

करार, इकामा (तिथला राहण्याचा परवाना), व्हिसाचं पान आणा. पगाराची पावती नसेल तर बँकेचा उतारा काढा, शेवटचा पगार कधी पडला ते त्यात दिसतं. मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. निघताना न वाचता सही केलेला अरबी कागद असेल तर तो लपवू नका, आधी दाखवा. बहुतेक वेळा ‘सगळं मिळालं’ असं त्यातच लिहिलेलं असतं. ग्रॅच्युइटीही (नोकरी संपताना मिळणारी रक्कम) मागा. सौदीत करार पुरा झाला असेल तर पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे पूर्ण महिन्याचा.

मग परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाका. दूतावास मालकाशी बोलतो, निकाल मात्र तिथलं कामगार न्यायालय किंवा तिथली सरकारी तक्रार यंत्रणाच देते. त्यासाठी तिथल्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करा: नोटरी, राज्य सरकारचं प्रमाणन, मग परराष्ट्र मंत्रालय. सौदीला 2022पासून अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा परदेशात चालणारा शिक्का) चालतं.

नोंदणीकृत एजंटानं फसवलं असेल तर 1983च्या उत्प्रवासन कायद्याखाली मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे (परदेशी कामाला जाणाऱ्यांचं हित बघणारा सरकारी अधिकारी) लिहा. त्याची बँक गॅरंटी सरकारकडे असते. बिननोंदणीचा असेल तर पोलीस ठाण्यातही तक्रार द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.