केळशीतला ळ आणि वाऱ्याची दिशा

कोकणातल्या एका आकाशवाणी केंद्रावर मी सात वर्षं नैमित्तिक उद्घोषक होते, म्हणजे गरजेप्रमाणे ड्यूटीवर बोलावलेली निवेदिका. अजूनही कुणी ना कुणी विचारतं, "ताई, माझा आवाज चांगलाय, रेडिओवर काम मिळेल का?" आवाजाचं नंतर बघू. केळशी, वेळास, कशेळी ही नावं इंग्रजी अक्षरांत लिहून हातात दिली तर नीट वाचाल का? सूचना, याद्या बऱ्याचदा तशाच यायच्या, आणि तिथे ल काय नि ळ काय, सारखेच. 'वेलास' म्हणालात की त्या गावातला माणूस कान काढून घेतो. हर्णैचं 'हर्णे' मीही केलंय, पहिल्याच आठवड्यात.

लेखी परीक्षा, मग स्वरचाचणी, मग आकाशवाणीचं 'वाणी' हे निवेदनाचं प्रशिक्षण, असा रस्ता आहे. पण ही नोकरी नव्हे. महिन्याला फार तर ६ ड्यूट्या, आणि मानधन कधी कधी दोन-दोन महिने लांबायचं. मी शिकवण्या घ्यायचे म्हणून निभावलं.

सकाळची ड्यूटी सगळ्यात अवघड. काळोखात स्कूटरवरून यायचं, पावसाळ्यात रेनकोट निथळत असतानाच क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम नि वेळा लिहिलेला कागद, बघायची, आणि प्रक्षेपणाच्या सुरुवातीची संकेतधून वाजली की ताजंतवानं बोलायचं. (ती धून वॉल्टर कॉफमन यांची, १९३० च्या दशकातली. शिवरंजनीतली म्हणतात. हजार वेळा ऐकूनही मला कंटाळा आला नाही.) ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या. त्या आपल्यासाठी थांबत नाहीत. गाणं आधी संपलं तर बासरीचा तुकडा हाताशी हवा, लांबलं तर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, हळूच खाली. गाणं कचकन तोडलंत तर दिवसभर कुणीतरी बोलून दाखवणारच.

लोककलांचं ध्वनिमुद्रण ही वेगळीच गंमत. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संवाद रंगात येईल तसे वाढतात. रात्रभर खेळणाऱ्या मंडळींना अर्ध्या तासात बसवायचं म्हणजे घड्याळ दाखवून उपयोग नाही. प्रसंग कुठला घ्यायचा ते आधी चहावर बसून ठरवायचं. आणि माईक मृदंगापासून लांब ठेवा, नाहीतर राजाचं भाषण थापेखाली चिरडतं.

पण माझे डोळे उघडले ते एका बंदरावर. आदल्या संध्याकाळी मी मच्छीमारांसाठीचा हवामान इशारा वाचला होता: वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, समुद्र खवळलेला. सुरेख, न अडखळता. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, आवाज ओळखला. म्हणाला, "बाय, आवाज बरो आसा तुजो, पण वारो खंयसून येतलो ता काय समाजला नाय." दिशा मी वाचली होती, पण वेगाच्या आकड्याला चिकटवून, एका दमात. त्याच्या होडीवर इंजिनाची धडधड चालू होती. तेव्हापासून दिशा आधी, मग थांबा, मग वेग, मग बंदरावर लावलेला धोक्याचा बावटा कितव्या नंबरचा, आणि सगळं दोनदा.

एफएम स्वच्छ ऐकू येतं, पण डोंगर आड आला की गळपटतं. मध्यमलहरी (मीडियम वेव्ह) मात्र खाऱ्या पाण्यावरून लांब जातात. आमच्या घरच्या रेडिओवर ११४३ किलोहर्ट्झच्या खुणेजवळ, म्हणजे रत्नागिरीवर, आजोबांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, काळोखातही काटा सापडावा म्हणून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मंडणगड-दापोलीकडे वीज गेली, मोबाइल गप्प झाले. सेलवर चालणारे जुने रेडिओ लोकांनी तेव्हा माळ्यावरून काढले.

तेव्हा चाचणीआधी महिनाभर आपल्या तालुक्यातली गावं त्या त्या गावच्या माणसाच्या तोंडून ऐका आणि वहीत मराठीतच उतरवा. माझ्या वहीत प्रत्येक ळभोवती पेन्सिलीचं गोल आहे.