विकास अर्थशास्त्रात पुढे शिकायचंय? कारण ठरवताना या चुका टाळा

अर्जांचा हंगाम आला की माझ्याकडे एसओपींचा (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचं उद्देशपत्र) ढीग जमतो. विकास अर्थशास्त्रात, म्हणजे गरिबी आणि विकास यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेत, मास्टर्स किंवा पीएचडी करायला निघालेली मुलं-मुली ‘मॅडम, जरा भाषा बघून द्या’ म्हणून पाठवतात. भाषा बहुतेकदा ठीकच असते. कच्चं असतं ते ‘हे का शिकायचंय’ याचं उत्तर, आणि त्यातल्या चुका दरवर्षी त्याच असतात.

‘गरिबांसाठी काहीतरी करायचंय’ एवढ्यावरच थांबणं

ही भावना खरी असते. या विषयातल्या बहुतेकांना तिनेच इकडे आणलंय. पण काहीतरी करण्याची ओढ वेगळी आणि एखादी गोष्ट नेमकी कशी घडते हे शोधत बसण्याची ओढ वेगळी. इथली पदवी दुसऱ्या ओढीसाठी आहे.

ती ओढ आहे का हे बघायला मी एक किस्सा सांगते. भारतातल्या १९९९-२०००च्या कुटुंब खर्चाच्या सर्वेक्षणात खाण्यापिण्यावरचा खर्च एकाच कुटुंबाला दोनदा विचारला गेला: गेल्या सात दिवसांचा आणि गेल्या तीस दिवसांचा, शेजारशेजारच्या रकान्यांत. आधीच्या मोठ्या फेऱ्यांमध्ये फक्त तीस दिवसांचा विचारत. आता दोन्ही उत्तरं एकमेकांच्या प्रभावाखाली आली, जुन्या आकड्यांशी तुलना बिघडली आणि नव्वदच्या दशकात गरिबी नेमकी किती घटली यावर अनेक वर्षं वाद झडला. ते आकडे दुरुस्त करून तुलना कशी करता येईल यावर अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी बरंच काम केलं. पुढे २०१५ साली उपभोग, गरिबी आणि कल्याण यांच्या विश्लेषणासाठीच त्यांना नोबेल मिळालं.

हे ऐकून ‘मग सात दिवस धरायचे की तीस?’ असं जिच्या तोंडून पटकन निघतं, तिने खुशाल अर्ज करावा. ‘पण यातून गरिबाच्या हातात काय पडलं?’ हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. तो विचारणाऱ्यांना मी सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम सुचवते, नाहीतर सरळ एखादा कार्यक्रम राबवणाऱ्या संस्थेतली नोकरी. तिथे अशी माणसं फार चांगलं काम करतात. प्रबंध लिहिताना तीच कोमेजतात.

उत्तर आधीच ठरवून येणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. छोट्या कर्जांच्या एका कार्यक्रमात त्याने मन लावून काम केलं होतं. एसओपीच्या पहिल्याच परिच्छेदात गरिबांना छोटी कर्जं देणारी बांगलादेशातली ग्रामीण बँक, तिचे संस्थापक मुहम्मद युनूस आणि दोघांना मिळालेलं २००६चं शांततेचं नोबेल. आणि उद्देश काय, तर सूक्ष्मकर्जामुळे कुटुंबं गरिबीतून बाहेर येतात हे पुराव्यानिशी सिद्ध करणं. मी त्याला २०१५ साली एकत्र प्रसिद्ध झालेले सहा अभ्यास वाचायला दिले: बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले. सहाही ठिकाणी कर्जाची सोय कुणाला मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरवून तुलना केलेली होती. कर्जामुळे काहींनी धंद्यात जास्त पैसा घातला, लोकांना थोडी मोकळीक मिळाली, पण सरासरी कुटुंबाचं उत्पन्न पालटून गेल्याचं कुठेच दिसलं नाही.

तो परत आला तो चिडूनच. “मॅडम, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. हे अभ्यास चुकले असणार.”

मी म्हटलं, छान, मग कुठे चुकले ते शोध. कर्ज उपलब्ध असूनही ते घेणारे थोडेच होते, म्हणून परिणाम दिसला नाही का? कालावधी तोकडा पडला का? सरासरी सपाट दिसते, पण आधीपासून धंदा असलेल्यांचं काय झालं? यातल्या एकेका आक्षेपावर प्रबंध उभा राहू शकतो. पण शेवटची तारीख जवळ आली होती आणि त्याला धीर नव्हता. ‘काही अभ्यास वेगळं सांगतात’ एवढं एक वाक्य घुसडून त्याने अर्ज पाठवून दिला.

मुलाखतीत त्याला विचारलं, “तुमच्या अभ्यासात परिणाम शून्य आला तर?” तो म्हणाला, “दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करून बघेन.” पुढचे प्रश्न नुसते औपचारिक होते, हे त्याचं त्यालाच जाणवलं. त्याच्या श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही, घाईबद्दल आहे. त्या सहा अभ्यासांसोबत तो शांतपणे बसला असता तर त्याच्या अनुभवातूनच फार चांगला प्रश्न निघाला असता.

तेव्हापासून मी प्रत्येकाला प्रश्न वहीत लिहायला लावते. खाली दोन रकाने: उत्तर ‘हो’ आलं तर त्याचा अर्थ काय, ‘नाही’ आलं तर काय. दुसरा रकाना भरताना हात अडला, तर प्रश्न अजून तयार नाही.

‘यात गणित कमी असतं’ हा समज

नसतं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र आणि इकॉनोमेट्रिक्स (आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्र), सगळ्यांना सारखंच. गाव, शाळा, दवाखाना यांचं नावही निघत नाही, आणि अनेक विद्यापीठांत वर्षाअखेरच्या परीक्षेत अडकलात तर पुढची वाट बंद होते. ज्यांचा हेतू फक्त क्षेत्रकार्यावरच्या प्रेमावर उभा असतो, ते याच वर्षी खचतात. रिअल अॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा आणि संभाव्यता आधी नीट करा. सिद्धता हाताने लिहा, व्हिडिओ बघून ‘समजलं’ म्हणू नका. ‘महिन्याभरात होईल असं काही सांगा’ म्हणणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही. गणित आणि डेटा झेपतो का हे आजमावायचं असेल तर एमआयटीचा डेटा, अर्थशास्त्र आणि धोरण आखणी यावरचा ऑनलाइन मायक्रोमास्टर्स (मास्टर्सच्या पातळीचा छोटा अभ्यासक्रम) करून बघा, परीक्षांसकट.

नोबेलच्या बातमीवरून विषय निवडणं

२०१९ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना गरिबीवरच्या प्रयोगांसाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळाल्यापासून निम्म्या एसओपी त्यांच्याच नावाने सुरू होतात, आणि विकास अर्थशास्त्र म्हणजे यादृच्छिक प्रयोग, असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. विषय त्याहून खूप मोठा आहे. शेतीतलं जास्तीचं मनुष्यबळ उद्योगाकडे कसं सरकतं याचं अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांचं प्रारूप १९५४चं. संस्था (म्हणजे देशाचे कायदे, नियम, राज्यव्यवस्था) आणि समृद्धी यांच्या नात्यावर २०२४चं नोबेल. अर्थतज्ज्ञ लँट प्रिचेट तर सतत बजावतात की गरिबी मोठ्या प्रमाणावर घटते ती देशाच्या एकूण वाढीमुळे, छोट्या कार्यक्रमांमुळे नव्हे. तुमचा प्रश्न वाढीचा किंवा व्यापाराचा असेल तर प्रयोगांची भाषा उसनी घेऊ नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. परदेशी जायचं हेच खरं कारण असेल तर त्यासाठी याहून सोप्या पदव्या आहेत. नोकरी लागत नाही म्हणून पीएचडी करू नका. अमेरिकेत ती पाच-सहा वर्षं चालते. मास्टर्स आणि पीएचडीला एकच एसओपी पाठवू नका, कारण मास्टर्सचा खर्च बहुधा स्वतःलाच करावा लागतो आणि त्यानंतर कुठलं काम करणार हे तिथे सांगावं लागतं. संशोधन आवडेल का याची खात्री नसेल तर आधी एखाद्या प्राध्यापकाकडे एक-दोन वर्षं संशोधन सहायक व्हा.

राहता राहिली सीनियरची एसओपी मागून तिच्यावर स्वतःची बेतण्याची सवय, किंवा हल्ली चॅटबॉटकडून लिहून घेण्याची. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक एसओपीत, दुसऱ्या कुणाच्याही अर्जात चालून जाईल असं वाक्य मी लाल पेनने खोडते. एका मुलीच्या दोन पानांतून तीनच वाक्यं उरली होती. ती शाळांच्या सर्वेक्षणावर काम करत असताना हजेरीपटावरचा आकडा आणि वर्गात प्रत्यक्ष बसलेली मुलं यांचा मेळ बसत नसे, पण परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तफावत अचानक नाहीशी व्हायची. असं का, हे तिला उमगलं नव्हतं. तिने तिथूनच सुरुवात करून सगळं नव्याने लिहिलं, आणि मी त्यात फक्त दोन स्वल्पविराम बदलले.